टक्कर की धडक? शिडाच्या जहाजांच्या खटल्यांतील काही शब्द

प्रश्न

इंग्लंडच्या ॲडमिरल्टी न्यायालयात, म्हणजे सागरी दाव्यांच्या न्यायालयात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चाललेल्या जहाज-अपघातांच्या खटल्यांवर मी मराठीत लेख लिहीत आहे. ‘कोलिजन’ला ‘टक्कर’ म्हणावे की ‘धडक’, हे ठरत नाही. शब्दकोशांत दोन्ही सापडतात. ‘दोघांचाही दोष’ आणि ‘अटळ अपघात’ हे शब्दप्रयोगही मला खटकत आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

आपण विचारलेला पहिला शब्दच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या खटल्यांत ज्या प्रश्नाचा निवाडा व्हायचा असतो, त्याचे उत्तर मराठी क्रियापद आधीच देऊन टाकते. ‘अमुक जहाजाने तमुक जहाजाला धडक दिली’ असे लिहिले की कर्ता ठरला, आणि कर्त्याबरोबर दोषाची दिशाही सुचवली गेली. ‘दोन जहाजांची टक्कर झाली’ या वाक्यात मात्र कोणी कोणाला काय केले हे मोकळे राहते. म्हणून न्यायालयापुढील घटनेचे वर्णन करताना ‘टक्कर’ आणि दोष सिद्ध झाल्यानंतरच्या वाक्यात ‘धडक’, असा भेद मी पाळतो. एक जहाज नांगरलेले असेल तर ‘आदळणे’ अधिक नेमके ठरते. ‘टक्कर देणे’ मात्र कटाक्षाने टाळावे, कारण मराठीत त्याचा अर्थ तोडीस तोड झुंजणे असा होतो.

हा भेद किती खोल जातो, ते ‘वुड्रॉप-सिम्स’ या जहाजाच्या १८१५ च्या खटल्यावरून दिसते. न्यायाधीश सर विल्यम स्कॉट, म्हणजे पुढचे लॉर्ड स्टोवेल, यांनी त्यात टक्करीच्या चार शक्यता मांडल्या. वादळासारख्या कारणाने, कोणाचाही दोष नसताना टक्कर झाली, तर ज्याचे नुकसान त्याने सोसावे. दोघांचा दोष असेल तर नुकसान दोघांत वाटले जावे. नुकसान झालेल्याचाच दोष असेल तर त्याला काहीही मिळू नये, आणि केवळ समोरच्याचा दोष असेल तर त्याने संपूर्ण भरपाई द्यावी. या चारही वाक्यांत ‘धडक’ घालून पाहिले, तर पहिली दोन लिहिताच येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता ‘दोघांचाही दोष’. हा शब्दप्रयोग बरोबरच आहे. अडचण येते ती त्यामागून येणाऱ्या ‘निम्मे’ या शब्दाची. ‘प्रत्येकाने निम्मे नुकसान सोसावे’ असे लिहिले, तर प्रत्येकाने आपापल्या नुकसानीपैकी निम्मे सोसावे असा वाचकाचा समज होईल. नियम तसा नव्हता. दोन्ही जहाजांचे नुकसान एकत्र करून त्या बेरजेचे दोन सारखे भाग केले जात. समजा एका जहाजाचे १००० पौंडांचे आणि दुसऱ्याचे ४०० पौंडांचे नुकसान झाले, तर बेरीज १४०० आणि प्रत्येकाचा भार ७००. म्हणून कमी नुकसान झालेल्या जहाजाने दुसऱ्याला ३०० पौंड द्यायचे. तेव्हा ‘एकूण नुकसानीचा निम्मा भार’ असेच लिहावे. एकाची चूक मोठी आणि दुसऱ्याची किरकोळ असली तरी वाटणी निम्मीच राही. ‘हे विरुद्ध ल नीव्ह’ या स्कॉटलंडमधून आलेल्या अपिलात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८२४ मध्ये हा नियम मान्य केला, आणि दोषाच्या प्रमाणात वाटणी करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्यानेच आली. त्यामुळे त्याआधीच्या काळाविषयी लिहिताना ‘ज्याच्या त्याच्या दोषाप्रमाणे’ हे शब्द चुकूनही येऊ देऊ नयेत.

या निम्म्या वाटणीला युरोपातील जुन्या विधिज्ञांनी ‘रुस्टिकुम युडिकियुम’ असे लॅटिन नाव दिले होते. शब्दशः ‘खेडवळ न्याय’. मराठीत ‘गावठी न्याय’ लिहिले तर तुच्छता फार होते. दोघांच्या भांडणाचा तळ लागत नाही म्हणून गावाने नुकसान सारखे वाटून देऊन प्रकरण मिटवावे, ही त्यामागची कल्पना ‘गावकीचा निवाडा’ या शब्दांत चांगली उतरते. मध्ययुगातील ओलेरोन या फ्रेंच बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरी नियमांत या वाटणीचे जे कारण दिले आहे, ते मला फार मार्मिक वाटते. नांगरलेल्या जहाजावर दुसरे जहाज आदळले तर भरपाई निम्मीच, कारण पूर्ण भरपाई मिळू लागली तर एखादा मालक आपले जुने, खिळखिळे जहाज मुद्दाम चांगल्या जहाजाच्या वाटेत नांगरून ठेवील.

‘अटळ अपघात’ मात्र मी बदलेन. ‘अटळ’ म्हटले की मराठी मनाला नियती आठवते. ॲडमिरल्टी न्यायालयाचे न्यायाधीश डॉ. लशिंग्टन यांनी १८४३ मध्ये ‘व्हर्जिल’ या जहाजाच्या खटल्यात लावलेली कसोटी माणसाच्या वागण्याची आहे: नेहमीची काळजी, सावधगिरी आणि दर्यावर्दी कौशल्य वापरूनही जो टळला नसता, तो हा अपघात. त्यासाठी ‘टाळता न येण्याजोगा अपघात’ हे लांबलचक असले तरी खरे भाषांतर आहे. ‘टाळता न आलेला’ असे लिहिले तर अर्थ बिघडेल, कारण हलगर्जीमुळे झालेला अपघातही टाळता आलेला नसतोच. ‘अस्मानी’ हा आपला जुना शब्द वादळापुरता शोभेल. दाट धुक्यात दोन सावध तांडेलांची जहाजे एकमेकांवर आली, तर तो तोकडा पडेल.

पुरवणी प्रश्न

आपल्या उत्तराने बरेच स्पष्ट झाले. साक्षींत मात्र वारंवार ‘सुकाणू पोर्टकडे (डावीकडे) घे’ असा हुकूम येतो, आणि जहाज उजवीकडे वळल्याचे लिहिलेले असते. ही छपाईची चूक आहे काय? तसेच ‘स्टारबोर्ड टॅक’ म्हणजे उजवीकडे जाणारे जहाज, हे बरोबर आहे काय?

उत्तर

चूक नाही, आणि ती चूक समजून दुरुस्त केली तर सगळा खटला उलटा होईल. तो हुकूम सुकाणूच्या पात्यासाठी नसून दांड्यासाठी असे. दांडा डावीकडे ढकलला की पाण्यातले पाते उजवीकडे जाते आणि जहाजही उजवीकडे वळते. दांड्याच्या जागी सुकाणूचे चाक आल्यावरही हुकमाची भाषा जुनीच राहिली; ब्रिटिश जहाजांवर ती १९३३ मध्ये बदलली. म्हणून भाषांतरात ‘सुकाणूचा दांडा डावीकडे’ असे पूर्ण लिहावे, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘म्हणजे जहाज उजवीकडे’ अशी जोड द्यावी. डाव्या बाजूसाठी आधी ‘लारबोर्ड’ हा शब्द होता. तो ‘स्टारबोर्ड’शी उच्चाराने इतका जवळ होता की ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये त्याऐवजी ‘पोर्ट’ वापरण्याचा आदेश काढला. जुन्या साक्षीत ‘लारबोर्ड’ असेल तर तोच शब्द ठेवावा, कारण खलाशाने ऐकलेला हुकूम नेमका कोणता, हाच कधीकधी वादाचा मुद्दा असू शकतो.

‘स्टारबोर्ड टॅक’चा आपण लावलेला अर्थ बरोबर नाही. येथे उजवी बाजू जहाज कोठे जाते याची नव्हे, तर वारा कोठून येतो याची आहे. ‘उजव्या अंगावर वारा घेऊन चाललेले जहाज’ असे लिहावे. वाऱ्याला शक्य तितके सामोरे चाललेल्या जहाजाला वळायला वाव कमी असतो, म्हणून मोकळ्या वाऱ्याने चाललेल्याने त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, आणि अशी सामोरी जाणारी दोन जहाजे समोरासमोर आली तर डाव्या अंगावर वारा असलेल्याने वाट द्यावी, हा दर्यावर्दी रिवाज न्यायालये मानत. दिशा चुकली की निर्दोष तांडेल भाषांतरात दोषी ठरतो.

आणखी एक मत

‘जहाज जप्त केले’ हा शब्दप्रयोगही तपासावा, असे मला सुचवायचे आहे. या दाव्यांत जहाजालाच ‘अटक’ होते, म्हणजे त्याला दाव्याचे तारण म्हणून थोपवून धरले जाते, आणि मालकाने जामीन दिला की ते सुटते. जप्तीत मालकी धोक्यात येते. अटकेत केवळ वाट अडते, आणि ‘अटकणे’, ‘अटकाव’ या शब्दांशी असलेले नाते पाहता मराठीला हा अर्थ मुळीच परका नाही. मुंबई उच्च न्यायालयातही सागरी दाव्यांत जहाजाला अटक करण्याचेच हुकूम निघतात, आणि २०१७ च्या भारतीय ॲडमिरल्टी कायद्यातही तीच संज्ञा आहे. जहाज विकले गेले तरी त्याच्यावर असा दावा लावण्याचा नुकसान झालेल्याचा हक्क त्याच्यामागे जातो, हे ‘बोल्ड बक्लू’ या आगबोटीच्या १८५१ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ॲडमिरल्टी न्यायालयावरच्या तेव्हाच्या अपील न्यायालयाने, सांगितले. एका शिडाच्या जहाजाशी तिची टक्कर झाली होती, आणि नंतर तिला विकत घेणाऱ्याला त्या दाव्याची कल्पनाही नव्हती. या हक्कासाठी ‘बोजा’ हा आपल्या सातबाऱ्यावरचा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण जमिनीचा मालक बदलला तरी बोजा जमिनीवरच राहतो.