चर्चच्या पडद्यासाठी स्वस्तातली साधनं आणि चित्रं: मराठीत काय नीट चालतं?

तरुणसंघ_नगर
सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची मंडळी आहे. यंदा एका कुटुंबाने आईच्या आठवणीसाठी चर्चला प्रोजेक्टर दिला. गीतं, वचनं आणि सूचना पडद्यावर दाखवायचं काम पंच कमिटीने माझ्याकडे सोपवलंय. गीतपुस्तकांची पानं सुटलीत, वयस्कर माणसांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे हे काम चांगलंच व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. लॅपटॉप जुना आहे. दरवर्षी पैसे भरावे लागणारं सॉफ्टवेअर परवडणार नाही. अर्पणातून तेवढं मागायला जीव धजत नाही.

अडचणी दोन. सेक्रेटरींनी जुन्या गीतपत्रिकांची फाइल दिली, ती उघडली की मराठीऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. आणि येशूची चित्रं शोधावीत तर बहुतेक गोरी, निळ्या डोळ्यांची, वर कुणाचा तरी शिक्का मारलेला. तुम्ही काय वापरता?

जुना_डीटीपीवाला, पुणे
सलाम भाऊ. बरीच वर्षं छापखान्यात मराठी मजकूर जुळवला, आता रविवारी चर्चच्या लॅपटॉपवर मीच बसतो. म्हणून जरा लांबण लावतो.

फाइल बिघडलेली नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत, रूढ होण्याआधी डीटीपीच्या (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या) फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फाँट मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, पण प्रत्येक फाँटची रचना वेगळी, म्हणून मूळ फाँटचं नाव सेक्रेटरींकडून आधी मिळवा. बदलून झालं की रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं ओळीओळीने तपासा. ‘प्रार्थना’, ‘कीर्ती’, ‘स्वर्गीय’ असे शब्द हटकून बिघडतात. गीतपुस्तक शेजारी उघडं ठेवूनच बसा. देवाच्या स्तुतीत चुकीचा शब्द मंडळीच्या तोंडी जाऊ नये.

गीतांसाठी ओपनएलपी घ्या. खास चर्चसाठी बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, पैसा लागत नाही. गीत एकदाच भरायचं, कडवी आणि धृपद वेगळी नोंदवायची आणि क्रम ठरवून द्यायचा. मग प्रत्येक कडव्यानंतर धृपद पडद्यावर ठरल्या जागी येतं. आपल्या उपासनेत याची फार गरज असते. पेटी धृपदावर परतली आणि पडदा मागच्याच कडव्यावर राहिला, की मागच्या बाकांवरचा आवाज लगेच बसतो. ओळ चरण संपेल तिथे तोडा. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगाचा चरण पडद्याच्या रुंदीपायी मध्येच कापलेला मला बघवत नाही. एका वेळी चार ओळी पुरेत.

अक्षरासाठी गूगल फाँट्सवरचा मुक्ता. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला, मोफत, मात्रा-उकार लांबूनही स्पष्ट. मथळ्याला तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

आणि एक आग्रहाची विनंती. गीताच्या शब्दांमागे फोटो नको. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. भिंतीवर जेवढा उजेड तेवढाच त्याचा काळा. सकाळी खिडक्यांतून ऊन येत असेल तर गडद पार्श्वभूमी फिकट पडते आणि तिच्यावरची अक्षरं पुसट होतात. फिक्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवा. पहिल्या बाकावरच्या आजींना ती दिसली पाहिजेत.

वसईची_कॅटेकिस्ट
चित्रांचं मी सांगते. सूचना आणि सणांच्या पाट्यांसाठी कॅनव्हा या पाट्या बनवायच्या वेबसाइटचं मोफत खातं पुरतं. ज्या चित्रावर मुकुटाची खूण असेल ते पैशाचं, ते सोडून द्यायचं. साधे फोटो, म्हणजे शेत, भाकरी, दिवा, अनस्प्लॅश आणि पेक्सेल्स या वेबसाइटवर मोफत मिळतात. कापणीच्या सणाला मात्र परक्या देशातला गहू कशाला? मोबाइलवर आपल्याच शिवारातल्या ज्वारीचा फोटो काढा.

बायबलमधल्या प्रसंगांसाठी मी संग्रहालयांकडे वळले. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं सर्वांना खुली केली. क्लीव्हलँडकडे ‘मिरात-उल-कुद्स’ची सचित्र हस्तलिखित प्रत आहे. जेसुइट धर्मगुरू जेरोम झेवियर यांनी अकबरासाठी फारसीत लिहिलेलं हे ख्रिस्तचरित्र १६०२ मध्ये पूर्ण झालं. त्याची चित्रं मुघल चित्रकारांनी काढली. चारशे वर्षांपूर्वी आपल्या देशात रंगवलेला येशू मुलांना दाखवला तेव्हा मला फार आनंद झाला. उपवासकाळासाठी ग्युस्ताव दोरेची १८६६ ची कृष्णधवल चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर आहेत. फिक्या पडद्यावरही त्यांच्या रेषा टिकतात.

पर्वरी_वाचक
चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांचं नाव इथे यायलाच हवं. गोव्यात जन्मलेले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडीतली मरिया रंगवली. पण ते १९६७ मध्ये वारले आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे २०२७ च्या अखेरपर्यंत. तोवर परवानगी घ्या. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे, तिथे पत्र लिहून विचारता येईल.

तरुणसंघ_नगर
ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. ओपनएलपी उतरवून घेतलं, जुन्या लॅपटॉपवर चालतंय. मग गीतांच्या शब्दांचं आणि वचनांचं काय? तेही विचारून घ्यायचे का?

जुना_डीटीपीवाला, पुणे
टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची पदं खुशाल घ्या. हयात कवींच्या गीतांसाठी मात्र त्यांना फोन करा. कायद्यात धार्मिक विधीतल्या गायनाला सूट आहे, पण शब्दांच्या प्रती करणं ही वेगळी गोष्ट. मी ज्यांना विचारलं त्यांनी आनंदाने होकार दिला. फक्त गीताखाली त्यांचं नाव घाला. वचनांसाठी मराठी इंडियन रिवाइज्ड व्हर्जन हे बायबलचं भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय दिलं की झालं. मात्र वेदीवरून जे भाषांतर वाचतात तेच पडद्यावर हवं, म्हणून आधी पाळकसाहेबांशी बोला.