मदत हवी आहे: वेलिंग्टनच्या खडपांवर स्पिअरफिशिंग शिकायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची वेंगुर्ल्याची, सहा वर्षं न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला आहे. गेल्या डिसेंबरात ऑफिसातल्या सहकाऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक मासा दिला. लांबट, तपकिरी, बुळबुळीत. घरी तुकड्या करायला घेतला तर मधला काटा हिरवट निळा! मला वाटलं, मासा उतरला. घाबरून त्याला फोन केला, तर म्हणाला, म्हणूनच आम्ही याला ग्रीनबोन म्हणतो. दुसरं नाव बटरफिश, माओरीत मरारी. हा समुद्रातलं शेवाळ खाऊन जगतो, त्यामुळे गळाला लावलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. म्हणून बहुतेक जण पाण्यात उतरून भाल्यानेच मारतात. त्या रात्री तिरफळं घालून तिखलं केलं आणि कितीतरी दिवसांनी आजोबांच्या घरची चव तोंडात आली.

आजोबा खडपावर बसून गरी टाकायचे. मी शेजारी बसून दर्या बघायचे, पण त्यात मान खाली घालून बघायची संधी कधी मिळाली नाही. ती आता घ्यायची आहे. पोहणं विहिरीत शिकले, समुद्रातही बऱ्यापैकी जमतं. सध्या उसना आणलेला साधा हँड स्पिअर आहे, म्हणजे मागचा रबर ताणून मुठीत धरायचा आणि सोडायचा तो दांडा. वेटसूट पाच मिमीचा, टोपीसकट.

दोनदा ब्रेकर बेच्या बाजूला गेले. पहिल्यांदा नुसतीच तरंगून आले. दुसऱ्यांदा बाहेर येताना लाटेने उचलून खडपावर टाकलं. डावा तळवा कापला, पाच टाके पडले, एक फिन वाहून गेली. जखम आता भरली आहे, पण त्या जागी उभी राहिले की पाय थबकतात.

श्वासाचा सराव चालू आहे. रोज सकाळी प्राणायाम करते. तरणतलावात आधी भस्त्रिकेची, म्हणजे भात्यासारख्या जोरजोरात श्वासाची, पंचवीस-तीस आवर्तनं केली की दोन मिनिटं दहा सेकंद श्वास रोखता येतो, न केली तर जेमतेम सव्वा मिनिट. समुद्रातही हेच करते आहे. नवरा मुलीला घेऊन काठावर उभा असतो, लक्ष ठेवतो.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. खडपांवरून आत-बाहेर कसं करावं? रबराच्या जोरावर भाला सोडणारी बंदूक आत्ताच घ्यावी का, आणि घेतली तर किती लांबीची? वजनाचा पट्टा किती किलोचा? केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलात पाय अडकला तर काय करायचं? आणि इथले नियम थोडक्यात कोणी सांगेल का?

आधीच धन्यवाद.

प्रतिसाद: गारपाणी

ताई, कामावर आहे, बाकीचं रात्री लिहितो. पण हे आत्ताच वाचा: पाण्यात जाण्याआधीची भस्त्रिका आजपासून बंद. तलावातसुद्धा. आणि काठावर उभा असलेला माणूस तुमचा जोडीदार धरू नका. पाण्याखाली काय झालं ते त्याला दिसणारच नाही.

प्रतिसाद: रेचक

मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यात. वरच्या प्रतिसादामागचं कारण सांगते.

श्वास घ्यायची जी अनावर ओढ होते, ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की होते. भस्त्रिकेने तुम्ही तो कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर फेकून देता. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही, तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. म्हणजे तुमच्या सव्वा मिनिटाची दोन मिनिटं झाली ती ताकद वाढली म्हणून नव्हे. शरीराची धोक्याची घंटा उशिरा वाजू लागली म्हणून.

त्यात पाण्याचा दाब आला. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे छातीतला उरलासुरला ऑक्सिजनही खाली पुरेसा वाटतो. वर येताना दाब निम्म्यावर उतरतो आणि मेंदूला मिळणारा ऑक्सिजन झपाट्याने घसरतो. म्हणून माणूस सहसा तळाशी बेशुद्ध होत नाही, शेवटच्या काही मीटरांत होतो, किंवा वर येऊन एखादा श्वास घेतल्यावर होतो. आधी बहुतेकदा काही जाणवतही नाही. चक्कर नाही, घुसमट नाही. मी स्वतः रोज प्राणायाम करते आणि तो सोडायला सांगत नाही. सकाळी चटईवर खुशाल करा. डुबकीआधी मात्र दोन-तीन मिनिटं पाण्यावर पालथं पडून स्नॉर्कलमधून नेहमीसारखा संथ श्वास, शेवटी एक पूर्ण श्वास, आणि खाली.

प्रतिसाद: गारपाणी

डॉक्टरांनी माझं काम सोपं केलं. मी अकरा वर्षं याच किनाऱ्यावर भाला घेऊन उतरतो आहे आणि हे एकदा डोळ्यांनी बघितलं आहे. जोडीदार वर आला, माझ्याकडे बघून अंगठा-तर्जनी जोडून ठीक असल्याची खूण केली. मग मान हलायला लागली, लटलट, बाहुलीसारखी. ओठ निळे. डोळे उघडेच होते. मी हाताच्या अंतरावर होतो म्हणून चेहरा पाण्यावर धरता आला, मास्क ओढून काढला, गालावर थापट्या मारत नावाने हाका मारत राहिलो. दहा-बारा सेकंदांत त्याने श्वास घेतला. त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. मी वीस मीटरवर मासा शोधत असतो तर?

म्हणून नियम एकच: एक खाली, एक वर. दोघांनी एकाच वेळी डुबकी मारायची नाही. वरच्याने नुसतं बघायचं, आणि खालचा वर आल्यावरही तीस सेकंद नजर हटवायची नाही. वर आल्यावर आधी श्वास सोडायची घाई नको. पटकन घ्या, क्षणभर धरा, थोडाच सोडा, परत घ्या. तीन-चार वेळा. दोन डुबक्यांमध्ये जितका वेळ खाली होतात त्याच्या निदान दुप्पट विश्रांती. बटरफिश तर उथळ पाण्यातही मिळतो, त्याच्यासाठी दोन मिनिटांचा श्वास लागतच नाही. तीस-चाळीस सेकंद शांतपणे राहता आलं तरी पुष्कळ. शक्य असेल तर दोन-तीन दिवसांचा फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासावर डुबकी मारण्याचा, कोर्स आधी करा. बंदुकीचे पैसे त्यात घाला.

बंदूक आत्ता नको. आपल्या दक्षिण किनाऱ्यावर बरेचदा तीन-चार मीटरच्या पुढचं दिसत नाही, तिथे हँड स्पिअर झकास चालतो आणि तुम्हाला माशाजवळ जायला शिकवतो. पुढे घ्याल तेव्हा पंच्याहत्तर ते नव्वद सेंमीची. लांब बंदूक केल्पमध्ये फिरवताही येत नाही. रबर चढवायचं ते पाण्यात उतरल्यावर, उतरवायचं ते बाहेर यायच्या आधी. भरलेली बंदूक खडपावर कधीही नाही आणि टोक माणसाकडे कधीही नाही, सेफ्टी लावलेली असली तरी. समोर नुसतं काहीतरी हललं म्हणून सोडू नका. मासा कुठला आणि केवढा हे कळल्याशिवाय हात सैल करायचा नाही.

वजनाचा आकडा मी देणार नाही, तो सूट आणि अंगावर ठरतो. अशी परीक्षा घ्या: पाण्यात उभ्या, हालचाल न करता, श्वास पूर्ण सोडला तरी डोकं तरंगलं पाहिजे. बुडत असाल तर एक किलो काढा. नवखी माणसं हमखास जास्त लावतात, कारण खाली जाणं अवघड वाटतं. पण बेशुद्ध माणूस वर तरंगतो की खाली जातो, हे त्या एका किलोवर ठरतं. बकल एका हाताने सुटणारं हवं, आणि पट्टा सगळ्यात वरून बांधलेला.

सोबत बोया, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता फुगा, आणि त्यावर निळा-पांढरा झेंडा. तो दिसला की होड्यांनी दोनशे मीटरच्या आत पाच नॉटपेक्षा जास्त वेगाने जायचं नसतं. दोरी तरंगणारी घ्या, आणि केल्पमध्ये बोया बाहेर मोकळ्या पाण्यात ठेवा. पाय अडकला तर झटके देऊ नका, केल्प आणखी वेटोळे घेतो. थांबा, लाट त्याला एकदा पुढे नेते, एकदा मागे आणते, त्या सैल क्षणी पाय मागे ओढा. छोटी सुरी दंडाला किंवा पोटरीच्या आतल्या बाजूला बांधा, दोन्ही हातांना पोचेल अशी.

बटरफिशसाठी केल्पच्या कडेला तळाशी पोटावर निजून राहायचं. पाठलाग केलात तर तो पानांत शिरून पान होऊन जातो. तुम्ही हलला नाहीत तर कुतूहलाने स्वतःच डोकावतो.

प्रतिसाद: खडपकर

मी मालवणचो, पर्यटकांका स्कुबाक नेतंय. तायनू, खडपार एकच सांगतंय: दर्याकडे पाठ करू नको गो.

बाकी प्रमाणभाषेत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. उतरायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं बसून बघायचं. लाटा एकसारख्या येत नाहीत. लहान लहान येत राहतात, मग तीन-चार मोठ्या एकामागोमाग येतात, मग पुन्हा निवांत. तुम्हाला उचलून टाकलं ते बहुतेक त्या मोठ्यांच्या घोळक्यात. मोठ्या सरल्या की त्या निवांतपणात आत जायचं आणि बाहेरही त्यातच यायचं. बाहेर येताना लाटेच्या पुढे पोहू नका. फेस फुटतो त्याच्या बाहेर थांबा, मागे वळून बघा, शेवटची मोठी लाट गेली की तिच्या पाठीवरून या. हाताला कातळ लागला की पोटावरच राहून सरपटत वर. उभं राहायची घाई केली की मागची लाट गुडघे मोडते. जिथून आत गेलात तिथून बाहेर येता आलं नाही तर दुसरी जागा कुठली, हे पाण्यात उतरायच्या आधी ठरलेलं असावं. ती सहसा एखादी वाळूची घळ असते. तिथवर पोहायला दहा मिनिटं लागली तरी चालतील.

कोणी विचारेल म्हणून सांगून ठेवतो: हे वाचून मालवणात सिंधुदुर्गाभोवती भाला घेऊन उतरू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

प्रतिसाद: गारपाणी

खडपकरांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. इथल्या वाऱ्याचं जोडतो. दक्षिणेचा वारा म्हणजे उधाण आणि गढूळ पाणी, तो थांबल्यावरही दोन-तीन दिवस जाऊ द्या. उत्तरेचा वारा जमिनीवरून येतो, काठाजवळ पाणी शांत दिसतं, म्हणून आम्ही त्या दिवशी जातो. पण तोच वारा तरंगणाऱ्या माणसाला कुक सामुद्रधुनीकडे ढकलतो, आणि तिथली ओढ भयंकर आहे. दर काही मिनिटांनी काठावरची एक खूण बघून आपण सरकलो का ते तपासा.

नियम: हौशी मासेमारीला समुद्रात परवाना लागत नाही, पण लांबी आणि संख्येची मर्यादा कडक आहे. बटरफिश किमान ३५ सेंमी, ब्लू मोकी ४०, किंगफिश ७५. मर्यादा भागागणिक वेगळ्या आणि बदलत्या आहेत, सरकारी ॲप फोनवर घ्या आणि निघण्याआधी उघडून बघा. पकडलेला मासा विकता येत नाही, कशाच्या बदल्यात देताही येत नाही. गणपतीत मंडळाच्या जेवणाला पैसे घेऊन वाढायचा विचार कोणी करत असेल तर तोही नाही. आयलंड बेभोवती तापुतेरांगा सागरी अभयारण्य आहे, २००८ पासून. त्यात शिंपलाही उचलायचा नाही. हद्दीच्या खुणा नीट ओळखून घ्या.

आणि राहुई. किनाऱ्यावर कोणी बुडून गेलं की तिथले माओरी लोक काही दिवस तो पट्टा मासेमारीला बंद ठेवतात. नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. फलक दिसला की परत फिरायचं.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून माझी भस्त्रिकेच्या आवर्तनांची वही कपाटात ठेवून आला. गेले दोन महिने मी एकटी खाली जात होते आणि तो काठावरून बोयाकडे बघत होता. बोया तर माझं काहीही झालं असतं तरी तरंगतच राहिला असता.

ज्याने पहिला मासा दिला त्या सहकाऱ्याला काल विचारलं. तो तयार आहे, एक खाली एक वर याच अटीवर. पुढच्या महिन्यातल्या कोर्ससाठी दोघांची नावं घातली. या रविवारी उत्तरेचा हलका वारा सांगितलाय, तर त्याच जागी जाऊन फक्त आत जायचं आणि बाहेर यायचं, पाच-सहा वेळा, भाला घरी ठेवून. पट्ट्यावर सहा किलो होते. तलावात परीक्षा घेतली तर श्वास सोडल्यावर सरळ खाली गेले. दोन काढल्यावर तरंगले.

हातमोज्यांचं मात्र राहिलं. तळवा अजून नाजूक आहे म्हणून तीन मिमीचे घेऊ म्हणते. जाड मोज्यात हँड स्पिअरच्या रबराची पकड सुटते का?