ठाण्यात हॉस्पिस किंवा घरपोच पॅलिएटिव्ह सेवा निवडायची आहे, नेमकं काय तपासू?

प्राजक्ताचा_सडा (धागाकर्ती)
वडील ७४ वर्षांचे. फुफ्फुसाचा कर्करोग, हाडांत पसरलेला. आता केमो नको असं ऑन्कॉलॉजिस्टनीच सांगितलं आणि आम्हालाही ते पटलं. शुद्ध पूर्ण आहे, आधाराने बाथरूमपर्यंत जातात. रात्री पाठ आणि बरगड्या फार दुखतात, अधूनमधून धाप लागते. घर वर्तकनगरला, चौथा मजला. लिफ्ट आहे, पण तिच्यात स्ट्रेचर आडवं मावत नाही.

आजार बरा करण्यापेक्षा वेदना-त्रास कमी करणारी (पॅलिएटिव्ह) सेवा हवी आहे, घरी किंवा हॉस्पिसमध्ये, म्हणजे अशा रुग्णांना ठेवायच्या जागी. तीन पर्याय समोर आहेत. अ) एका कंपनीचं घरपोच पॅकेज, दिवसाला १३०० रु., १२ तास अटेंडंट, डॉक्टर पंधरवड्यातून एकदा. ब) घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे १० खाटांची जागा, दिवसाला १२०० रु., औषधं वेगळी. क) एका संस्थेची मोफत होम केअर, आठवड्यातून एक-दोन भेटी. बजेट महिना ४० हजार, त्याच्यावर खरंच जमणार नाही. रिव्ह्यू तिघांचेही छान आहेत. चांगलं-वाईट ओळखायचं कशावरून?

पामबीच_सकाळ
बेलापूरकडे प्रीमियम असिस्टेड लिव्हिंग आहेत, ती आधी बघा. आम्ही दिवसाला साडेसहा हजारवाली घेतली. एसी खोली, रोज फिजिओ, आहारतज्ज्ञ, नातेवाइकांसाठी सोफा-कम-बेड. एक रुपया वाया गेला नाही. अशा वेळी बजेट बघू नये.

नेरूळची_सिस्टर
ताई, तिघांनाही पहिला प्रश्न एकच विचारा: "तोंडाने घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडे आहे का? ते कोण लिहून देतं आणि गोळ्या कुठून मिळतात?" (मॉर्फिन म्हणजे तीव्र दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध.) "लागलं तर बघू" किंवा "आम्ही ट्रामाडोल देतो" (ती मॉर्फिनपेक्षा सौम्य गोळी) असं उत्तर आलं, तर हाडांत पसरलेल्या दुखण्याला त्यांचा उपयोग नाही. एन.डी.पी.एस. म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवता येतं, त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो. ती मान्यता आहे का ते स्पष्ट विचारा. खऱ्या जागी गोळ्या कुलपात असतात आणि वहीत एकेक गोळीचा हिशोब असतो.

पुढचा प्रश्न, "कसं देता?" साधी गोळी असेल तर दर ४ तासांनी घड्याळ लावून, दुखो न दुखो. झोपताना दुप्पट मात्रा देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर जादा मात्रा, दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत. मॉर्फिनची मळमळ काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठ जात नाही. जो डॉक्टर मॉर्फिन लिहितो आणि रेचक लिहीत नाही, त्याला या कामाची सवय नाही.

कोपरीकर
+१, मॉर्फिन. बाकी ते रंगीत ब्रोशर बाजूला ठेवा.

येऊरचा_वारा
मॉर्फिन सुरू केलं की माणूस झोपूनच राहतो आणि सवय लागते. त्यापेक्षा कातडीवर चिकटवायचा वेदनाशामक पॅच बरा, तीन दिवसांतून एकदा चिकटवला की काम झालं. आमच्याकडे पॅचच वापरला.

नेरूळची_सिस्टर
@येऊरचा_वारा, कर्करोगाच्या वेदनेसाठी नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी असते, त्यात आधीच्या जागरणांची थकलेली झोपही असते. नंतरही गुंगी वाढत गेली किंवा हातपाय झटके देऊ लागले, तर किडनी तपासून मात्रा बदलतात.

फेंटानिलचा (हेही मॉर्फिनसारखंच तीव्र औषध) पॅच ७२ तासांचा असतो खरा, पण त्याचा असर चढायला पहिल्यांदा १२ तासांहून जास्त लागू शकतात. आजची कळ त्याने आज जात नाही. आधी मॉर्फिन न घेतलेल्या रुग्णाला थेट ताशी २५ मायक्रोग्रॅमचा पॅच लावणं धोक्याचं. तो कात्रीने कापायचा नाही, त्याच्यावर गरम पिशवी ठेवायची नाही, तापातही लक्ष ठेवायचं, कारण उष्णतेने औषध भराभर अंगात जातं. फार वाळलेल्या रुग्णाच्या त्वचेतून ते नीट शोषलंही जात नाही. "पॅच लावा, सोपं पडतं" हे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यापासून सावध राहा.

घणसोली_लोकल
अमेरिकेच्या एका साइटवर हॉस्पिस निवडायची प्रश्नावली आहे. मेडिकेअरचं (तिथला सरकारी आरोग्यविमा) प्रमाणपत्र आहे का, कुटुंबीयांच्या सर्वेक्षणात तारे किती, सहा महिन्यांचं सर्टिफिकेट कोण देतं, असे वीस प्रश्न. प्रिंट काढून घेऊन जा.

मासुंद्याकाठी
ते तिकडचं. तिथे दोन डॉक्टरांनी "आजार नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी" असं लिहून दिलं की मेडिकेअर पैसे देतं, म्हणून ते प्रश्न. आपल्याकडे हॉस्पिसला तारे देणारी सरकारी यंत्रणा नाही. इथले कागद वेगळे. खाटांची जागा असेल तर महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी भिंतीवर लावलेली हवी आणि तिची मुदत वाचायची. नोंदणी नसलेलं "एल्डर केअर" म्हणजे वृद्धाश्रमच, पाटी काहीही असो. डॉक्टरांनी पॅलिएटिव्हचं शिक्षण कुठे घेतलं ते विचारा. एम.डी. असेल तर उत्तमच, पण इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स तरी हवा. पॅलियम इंडिया या पॅलिएटिव्ह केअरच्या संस्थेच्या साइटवर राज्यवार केंद्रांची यादी आहे, तिच्यात ही नावं शोधा.

आणि ज्या गोष्टीचा विचार कुणी आधी करत नाही ती: नमुना ४ अ. मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला याच नमुन्यात लागतो आणि शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी तो द्यायचा असतो. कायद्याने त्याची फी नाही. पंधरा दिवसांतून एकदा डोकावणारा कंपनीचा डॉक्टर पहाटे चार वाजता येऊन सही करेल का? नाही आला तर पोलिसांपर्यंत जावं लागतं आणि दाखल्याशिवाय जवाहरबागेच्या स्मशानभूमीतही थांबवून ठेवतात. "४ अ कोण देणार, रात्री देणार का, रविवारी देणार का" हे नावानिशी लिहून घ्या. खाटांच्या जागेत मृत्यू झाला तर हाच दाखला नमुना ४ मध्ये मिळतो.

कोपरीकर
४ अ बद्दल शंभर टक्के. फॅमिली डॉक्टरांना आजपासूनच दर आठवड्याला घरी बोलवा आणि केसपेपरवर प्रत्येक भेटीची नोंद ठेवा. क घ्या, जोडीला हा डॉक्टर आणि ब्युरोची रात्रपाळीची मावशी. चाळीस हजारांत बसतं.

मालकंसच्या_बाजूला
रात्री दोनला फोन करून बघा. तिघांनाही. दिवसा सगळेच गोड बोलतात.

सानपाडा_सिग्नल
पुण्याला वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, १९९७ पासून, मोफत, कुटुंबीयांना सोबत राहता येतं. आणि वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहेच, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस, तेही मोफत. घोडबंदरला कशाला जाता?

अवांतर: सासूबाईंना डिमेन्शिया आहे, शांती आवेदनात घेतील का?

मासुंद्याकाठी
नाही, ते कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे. डिमेन्शियासाठी वेगळा धागा काढा, तिथले प्रश्न वेगळे असतात (भटकणं, गिळताना ठसका).

पुणं चांगलं आहे, पण धाप लागणाऱ्या माणसाला घाट चढवून दीडशेच्या आसपास किलोमीटर न्यायचं आणि ठाण्यातली माणसं भेटायची थांबवायची, हे मला पटत नाही.

पामबीच_सकाळ
सलाईन चोवीस तास चालू ठेवतात का ते विचारा. जेवण बंद झाल्यावर नुसतं झोपवून ठेवणं म्हणजे उपासमार.

नेरूळची_सिस्टर
उलट आहे. शेवटच्या दिवसांत शरीराला पाणी पेलवत नाही. सलाईन लावत राहिलं तर पाय आणि फुफ्फुसं भरतात, घशात घरघर वाढते. भूक गेली म्हणून माणूस जात नसतो, जायच्या वाटेवर असतो म्हणून भूक जाते. त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा. त्यासाठी गॉज ओला करून दर तास-दोन तासाला तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलीन. घरघर लागली तर कुशीवर वळवायचं, लाळ कमी करायचं इंजेक्शन असतं. सक्शनची नळी सारखी घशात घालणं त्रासदायक असतं, फायदा थोडा. हे दोन प्रश्न त्यांना विचारा, उत्तरावरून लगेच कळतं समोरच्याने असे रुग्ण पाहिलेत की नाही.

प्रत्यक्ष जाल तेव्हा न कळवता जा, शक्यतो दुपारी तीनच्या सुमाराला. आत शिरताच लघवीचा वास येतो का? घंटा रुग्णाच्या हाताशी आहे की उशीच्या मागे? कूस बदलायचा तक्ता मागा. दर २ तासांनी कूस बदलायची असते. तक्त्यावर दिवसभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच अक्षरात, बरोबर ८, १०, १२ अशा असतील तर तो संध्याकाळी बसून भरलाय. खरा तक्ता ८.१०, १०.२५ असा, दोन-तीन अक्षरांतला असतो. एअर मॅट्रेसवर रबरशीट आणि वर गोधडी असेल तर ती गादी निकामी, हवा खेळून उपयोग नाही. माकडहाडाखाली गादीच्या खालून हात घाला, बोटाएवढी हवा लागली पाहिजे. टाचा उशीवर अधांतरी हव्यात.

येऊरचा_वारा
ब च्या जागेला घोडबंदरची ट्रॅफिक धरलीत का? संध्याकाळी माजिवड्याहून निघालं की अंदाजच राहत नाही. घरीच ठेवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) भाड्याने मिळतो.

कोपरीकर
कॉन्सन्ट्रेटर वीज गेली की बंद. सोबत बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. साधारण १५०० लिटरचा असतो, मिनिटाला २ लिटरने १२ तास जातो. आणि ऑक्सिजनची पातळी चांगली असूनही धाप असेल, तर चेहऱ्यावर टेबलफॅन आणि थोडं मॉर्फिन जास्त काम करतं. हेही त्या तिघांना विचारा.

प्राजक्ताचा_सडा (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री २.१० ला तिघांना फोन केले. अ: कॉल सेंटर, "सकाळी टीम संपर्क करेल." क: आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं की रात्री फोनवर सल्ला मिळेल, भेट नाही. डॉक्टरांनी स्वतः उचलला आणि नीट बोलले. ब: सिस्टरने चौथ्या रिंगला उचलला, वेदना १० पैकी किती आणि शेवटची गोळी किती वाजता हे विचारलं, मग बोलली.

काल न कळवता ब ला गेले. पालिकेची नोंदणी आहे, मुदतीत आहे. नावं झाकून मॉर्फिनची वही दाखवली. कूस बदलायच्या तक्त्यावर रात्री २ आणि ४ च्या रकाने कोरे होते. विचारलं तर सिस्टर म्हणाली, रात्री मी एकटी असते, दहा जणांत राहून जातं. खोटं भरलेलं नव्हतं, ते मला महत्त्वाचं वाटलं. एका खाटेवर एअर मॅट्रेसवर गोधडी होती, सांगितल्यावर लगेच काढली.

तुम्ही बहुतेक जण घरीच ठेवा म्हणताय, तरी आम्ही ब ठरवलं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, आईने मला उचलावं हे मला बघवत नाही, आणि लिफ्टमधून मला बसवून खाली नेताना सोसायटीने बघावं असंही नको. भाऊ रात्री तिथे झोपेल, २ आणि ४ ची कूस तो बदलेल. सिस्टरने त्याला कालच शिकवलं: ३० अंश कुशीवर, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये एक.

कोपरीकर
पन्नास प्रतिसाद देऊनही शेवटी घोडबंदरच. तुमची मर्जी. बाबांना आराम पडो.

पामबीच_सकाळ
एसी आहे का तिथे?

नेरूळची_सिस्टर
चांगलं केलंत ताई, बाबांना विचारलंत. शुद्ध आहे तोवर एक कागद करून घ्या: व्हेंटिलेटर, आय.सी.यू., छाती दाबणं हवं की नको. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. प्रत तिथल्या फाइलमध्ये आणि भावाच्या फोनमध्ये.

नेताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही पिशवीत टाका, नुसतं "पांढरी गोळी" सांगून चालत नाही. पहिल्या रात्री वेदनेचा आकडा भावाने वहीत दर चार तासांनी लिहायचा, झोपेत असतील तर "झोप" लिहायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या हातात ती वही द्या.