नववी-दहावीच्या मुलांना निबंधाच्या पाठांतरातून बाहेर कसं काढावं?

बोरीकाठ (पारोळा): नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मुलं मैदानावर अहिराणीत बिनतोड भांडतात, पण वहीत सगळ्यांचा पाऊस गाईडमधला. वक्तृत्वाचं भाषणही दुसऱ्याने लिहून दिलेलं. स्वतःचा मुद्दा मांडून तो समोरच्याला पटवायला कसं शिकवता?

केळीबाग (रावेर): ताई, विषयापेक्षा वाचणारा बदलून पाहा. मी एकच प्रश्न देतो: यंदा कापूस सोडून केळी लावावी का? आधी वडिलांना लिहायचं, मग कर्जासाठी बँकेच्या साहेबांना. केळीला बारा महिने पाणी लागतं हे वडिलांना सांगायला नको, त्यांना आपली विहीर मे महिन्यात टिकेल का तेवढं हवं. साहेबांना मात्र ठिबकचा खर्च, येणारा भाव, परतफेड सगळं उलगडून द्यावं लागतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठला पुरावा कुणापुढे चालतो यावर वर्गात खरी चर्चा होते. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याचं मन आणि मुद्द्यातला तर्क हे ॲरिस्टॉटलने सांगितलेले तीन आधार मी त्यानंतरच फळ्यावर लिहितो. आधी लिहिले तर तेही पाठ होतात.

साक्रीकर: अहिराणीला वर्गात येऊ द्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवली म्हणून आपल्यापर्यंत आली. तसंच जोड्या करा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने जसंच्या तसं उतरवायचं, मग अदलाबदल. प्रमाण मराठी शेवटच्या खर्ड्यात. पहिल्याच ओळीवर लाल शाई आली की मूल गप्प होतं, हे मी फार जवळून पाहिलंय.

बोरीकाठ: दोन्ही पटलं. पण वर्ग मोठा आहे, वह्या तपासायच्या कशा? शिवाय दहावीला बोर्डाचं उपयोजित लेखन आहेच.

अमळनेरी: सगळं तपासू नका. एका वेळी एकच गोष्ट बघा, या आठवड्यात फक्त पुरावा, पुढच्या आठवड्यात फक्त सुरुवात. उपयोजित लेखनातलं पत्र खऱ्या कामाचं घ्या. गावातल्या बंद हातपंपाबद्दल ग्रामपंचायतीला लिहून खरोखर नेऊन द्या, पोच घ्या. आणि भित्तिपत्रक सुरू करा. साने गुरुजी 1924 ते 1930 आमच्या अमळनेरला शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. आपल्याला पंधरवड्याला एक जमायला हरकत नाही.

बोरीकाठ: हातपंपाचं पत्र सोमवारीच घेते. उत्तर आलं की इथे टाकते.