फॉलिस, नुम्मुस की ‘एई ३’?

उत्तर-रोमन काळातल्या तांब्याच्या नाण्यांच्या पाकिटांवर कधी ‘फॉलिस’, कधी ‘नुम्मुस’, कधी नुसतं ‘एई ३’ लिहिलेलं असतं. मराठीत लिहिताना कोणता शब्द धरावा? आणि धातूला कांस्य म्हणायचं की तांबं?

— ‘एई ३’ आधी बाजूला काढा (‘एई’ हे तांब्या-काशासाठीच्या लॅटिन ‘aes’चं लघुरूप). ते रोमनांचं नाव नव्हेच. संग्राहकांनी व्यासावरून पाडलेला गट आहे: साधारण १७ ते २१ मिलिमीटर म्हणजे ३, त्याहून लहान ते ४. चौथ्या शतकातल्या कायद्यांत ‘सेंटेनिओनालिस’, ‘मायोरिना’ अशी नावं येतात, पण नेमकं कोणतं नाणं ते ठरत नाही, म्हणून ही सोय.

‘फॉलिस’ म्हणजे मुळात चामडी थैली. नाण्यांची मोहोरबंद थैलीच हिशेबात एकक धरली जाई. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. २९४ च्या सुमारास जे नाणं काढलं, ते १० ग्रॅमच्या आसपास, थोडी चांदी मिसळलेलं, वर चांदीचा मुलामा. मागच्या बाजूला रोमन जनतेचा रक्षक देव ‘जिनियस’, एका हातात समृद्धीचं शिंग, दुसऱ्या हातात अर्घ्याचं ताट. याला फॉलिस म्हणायची प्रथा आपल्या काळातल्या अभ्यासकांची. त्या वेळी ते बहुधा नुम्मुस, म्हणजे नुसतं ‘नाणं’. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या अखेरीपर्यंत त्याचं वजन दीड-दोन ग्रॅमवर घसरलं.

— मग ‘४० नुम्मुसांचा फॉलिस’ म्हणतात तो कोणता?

— तो दोनशे वर्षांनंतरचा, सम्राट अनास्तासियसचा, ४९८ चा. मागे भलंमोठं ‘म्यू’ अक्षर, म्हणजे ग्रीक आकड्यांत ४०. अर्ध्या किमतीच्या नाण्यावर ‘कप्पा’, म्हणजे २०. तिथे फॉलिस बिनधास्त लिहा. डायोक्लेशियनच्या नाण्याला मात्र मी नुम्मुसच म्हणेन.

— धातूचं राहिलंच. लॅटिन ‘एस’मध्ये (aes) तांबं, कासं, पितळ सगळं येतं, आणि या नाण्यांत शिसंही बरंच. मी ‘तांब्याचं’ लिहितो. ‘कांस्य’ म्हटलं की लोकांना ऑलिम्पिकचं पदक आठवतं!

— आणि ‘एई ४’ला आपला ‘खुर्दा’ चालेल की! तमिळनाडूत करूर, मदुराईकडे पाचव्या शतकापर्यंतची अशी बारकी रोमन नाणी सापडली आहेत, झिजून गुळगुळीत झालेली.

— वर्णनात चालेल. यादीत ‘नुम्मुस’ आणि पुढे व्यास, वजन.