काळ्या पिल्लाचे फोटो काही केल्या नीट येत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये मांजरीने तीन पिल्लं घातली होती, त्यातली दोन पिवळी-पांढरी मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकल्यावर आठवड्याभरात दत्तक गेली पण, आणि तिसरं अख्खं काळं पिल्लू अजून माझ्याकडेच आहे. नाव बुक्की. लोक अपशकुन वगैरे म्हणतात ते आहेच, पण खरं सांगू का, फोटोच असे येतात की मांजर आहे की सोफ्यावर पडलेला मोजा तेच कळत नाही. ट्यूबलाइटमध्ये काढला तर नुसता काळा फराटा, फ्लॅश मारला तर हिरव्या डोळ्यांचं भूत, पोर्ट्रेट मोडने मिशा आणि अर्धा कान खाल्ला. खिडकीत बसवलं तर मागचं आभाळ झकास आणि पुढे काळं भोक. फोन साधा अँड्रॉइड आहे, प्लीज कॅमेरा घ्या असं सांगू नका.

प्रतिसाद १: फ्लॅश आधी बंद करा, मांजराच्या डोळ्यात आत आरशासारखा पडदा असतो तो चमकणारच. आणि खिडकी तिच्या मागे नको, बाजूला हवी, थेट ऊन नको पण भरपूर उजेड, म्हणजे केसांवर चकाकी येते आणि त्या चकाकीनेच आकार दिसतो. खाली पांढरी चादर नको, राखाडी किंवा मेंदी रंगाचं काहीतरी टाका. डोळ्यावर बोट टेकवून फोकस करा, बऱ्याच फोनमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा, कारण फ्रेमभर काळं दिसलं की फोन उजेड वाढवून मांजर राखाडी करून टाकतो. मागे पांढरी भिंत असेल तर मात्र उलट, वर ओढायचं. प्रो मोड (सगळं हाताने सेट करायचा) असेल तर शटरचा वेग 1/250 सेकंद तरी ठेवा, म्हणजे ती हलली तरी फोटो पुसट होत नाही.

प्रतिसाद २: आधी सुतळीने खेळवून दमवा, मग फोन काढा. आणि जमिनीवर पालथे पडा हो, उभ्याने काढलेल्या फोटोत पिल्लू उंदराएवढं दिसतं. तिने वर बघायला हवं असेल तर दुसऱ्या कोणाला तरी सुकटीचा डबा वाजवायला सांगा, आमच्याकडे हे कधी फेल गेलेलं नाही.

धागाकर्ती: सकाळी बाल्कनीच्या दारात सतरंजी टाकून आडवी झाले, सासूबाई डबा वाजवत होत्या, शेजारच्या काकू बघून गेल्या. 60 फोटोंतले 4 चांगले आलेत!! आणि गंमत म्हणजे बुक्की पूर्ण काळी नाहीचे, पोटाकडे चॉकलेटी झाक आहे आणि शेपटीवर पुसट पट्टे, दीड महिना घरात आहे आणि आज दिसले. पण आता नवीन त्रास, ग्रुपवर टाकला की परत सगळं काळं आणि धुरकट, असं का?

प्रतिसाद १: पाठवताना फोटो दाबला जातो, सावलीतले बारकावे आधी जातात. एचडी करून टाका नाहीतर डॉक्युमेंट म्हणून. पट्ट्यांचा फोटो पहिला टाका.