नुकतंच वाचलेलं: दोन कादंबऱ्या, दोन आत्मकथनं, आणि 'माझा प्रवास'ची नेमकी कुठली प्रत घ्यावी?

अर्धविराम:
आधी मतं थोडक्यात, प्रश्न शेवटी.

'रणांगण' (विश्राम बेडेकर, 1939): युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. चक्रधरचा कडवटपणा आधी नाटकी वाटतो, मग वाटेनासा होतो. मुंबईला तो उतरू शकतो, ती नाही; सगळी कादंबरी या एका अडचणीवर तोललेली आहे. बोटीवरची माणसं सुरुवातीला भराभर येतात, नावांचा गोंधळ उडतो. तेवढं सोसावं.

'बनगरवाडी' (व्यंकटेश माडगूळकर, 1955): "यात काही घडतच नाही" म्हणणाऱ्यांनी तालमीचं प्रकरण पुन्हा वाचावं. मास्तर धनगरांकडून तालीम बांधून घेतो, राजा येऊन जातो, आणि मग दुष्काळ वाडीच रिकामी करतो. विशेषणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

'स्मृतिचित्रे' (लक्ष्मीबाई टिळक): विनोद अजून ताजा. नवऱ्याच्या, म्हणजे कवी ना. वा. टिळकांच्या, लहरीपणाबद्दल तक्रारीचा सूर नाही, पण सोडलेलंही काही नाही.

'माझा प्रवास' (विष्णुभट गोडसे): झाशीच्या वेढ्याचा भाग जबरदस्त, बाकी अधूनमधून रेंगाळतो. प्रश्न असा, की दोन प्रती शेजारी ठेवल्या तर वाक्यंच वेगळी दिसतात. असं का? आणि घ्यायची कुठली?

मोडीवाचक:
कारण ती दोन वेगळी पुस्तकं आहेत म्हटलं तरी चालेल. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी घरचं कर्ज फेडायला, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, 1857 साली काकांबरोबर उत्तरेत निघाले आणि बंडात सापडले. हकीकत लिहिली बऱ्याच वर्षांनी, इतिहासकार चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून. ती आपल्या हयातीत छापायची नाही असं ठरलेलं, म्हणून 1907 साली आली. पण वैद्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला, काही आपला घातला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी पाठ छापला तो 1966 साली.

प्रत ओळखायला मुखपृष्ठाचा उपयोग नाही, नाव दोन्हीकडे तेच. आतलं पान उघडून संपादक कोण ते पाहा आणि प्रस्तावना वाचा. नुसतंच 'नवी आवृत्ती' लिहिलं असेल तर बहुधा वैद्यांचाच पाठ समजा. ग्रंथालयातही 'गोडसे' एवढंच न सांगता 'पोतदार संपादित' असं मागा. अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवाद पोतदारांच्या आधीचा, म्हणजे वैद्यांच्या पाठावरचा.

पहिल्या वाचनाला वैद्य बरे, ओघ राहतो. उतारा द्यायचा असेल तर मात्र पोतदारच. वैद्यांची वाक्यं गोडश्यांच्या नावावर खपवलेले लेख दर वर्षी दिसतात.

चिंचपान:
+1. एक भर: मोडीत विरामचिन्हं नसतात, त्यामुळे मूळ पाठातही परिच्छेद आणि पूर्णविराम संपादकाचेच. वाक्य कुठे तुटतं यावरून भटजींच्या शैलीबद्दल निष्कर्ष काढू नका.

दुसरं, आकडे आणि तिथ्या जपून घ्या. लिखाण आठवणीवरचं आहे. कानपूरचं बरंचसं ऐकीव. झाशीत ते स्वतः वेढ्याच्या आत होते. लुटीचा क्रम बघा: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड, मग धान्य. असा तपशील ऐकून सुचत नाही. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते, भटजी पाणी काढायला पुढे होतात आणि ती त्यांना काढू देत नाही, तो प्रसंगही याच जातीचा. "रेंगाळतो" हे मात्र पटलं नाही. दक्षिणा किती मिळाली, कुठे उतरलो, काय खाल्लं, हेच तर सरकारी कागदांत सापडत नाही.

तळटीप:
क्रम बदलून वाचून पाहा: आधी गोडसे, लगेच 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मीठसुद्धा धुऊन घेणारं ते घर नुसतं विनोदी वाटत असेल तर फाशीची ओळ वाचताना निसटलेली असते. ती अगदी सुरुवातीला आहे.

'स्मृतिचित्रे'चीही प्रत बघून घ्या. पुस्तक चार भागांचं. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, चौथा भाग अपुरा राहिला. संक्षिप्त प्रतीत काटछाट असते, आणि कात्री नेमकी घरगुती प्रसंगांवर चालते. अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली अभिनव आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. टीपा भरपूर आहेत, पण त्या प्रकरण संपल्यावर वाचा. मधेच वळलात तर विनोदाची वेळ चुकते.

अर्धविराम:
आभार. घरची प्रत वैद्यांचीच निघाली. पोतदार मागवतोय.